अंगणातला फर: मिशिगनच्या चिकणमातीत पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

डेट्रॉइटच्या आसपास, म्हणजे ट्रॉय, नोव्हाय, कँटन या भागात घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात मागच्या अंगणाचा विषय निघतो. शेजाऱ्यांच्या खिडक्या थेट आपल्या स्वयंपाकघरात डोकावतात आणि नोव्हेंबर ते एप्रिल मेपल, ओक सगळे बोडके. मग कुणीतरी सांगतं, ‘निळा स्प्रूस लावून टाका, बारा महिने हिरवा राहतो.’ हा सल्ला ऐकायच्या आधी गल्लीतून एक फेरी मारून या. जुन्या वसाहतींमधले कोलोरॅडो ब्लू स्प्रूस खालून वर वाळत गेलेले दिसतील; खालच्या फांद्या करड्या, वर शेंड्याला तेवढा निळा झुबका. हा कोलोरॅडोच्या कोरड्या डोंगरांतला गडी. मिशिगनच्या दमट उन्हाळ्यात त्याला सुया (म्हणजे त्याची सुईसारखी पानं) गाळणारी बुरशी आणि फांद्या मारणारा कँकर असे दोन्ही रोग गाठतात. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीची तज्ज्ञ मंडळी त्याऐवजी दुसरी झाडं सुचवतात, त्यात कॉन्कलर फर या सूचिपर्णी, बारमाही हिरव्या झाडाचं नाव हमखास असतं. हा लेख त्याच झाडाबद्दल.

कॉन्कलर फर, म्हणजे व्हाइट फर. शास्त्रीय नाव आबिएस कॉन्कलर. तोही पश्चिमेकडचाच, पण फरच्या कुळात उन्हाळा आणि कोरडेपणा याच्याइतका सोसणारे थोडेच. थंडीचं तर विचारूच नका, उणे ३० फॅरनहाइटपर्यंत त्याला काही होत नाही आणि आपल्याकडे पारा सहसा तिथपर्यंत जातही नाही. सुया दोन-तीन इंच लांब, मऊ, निळसर राखाडी. एक सुई चुरगळून नाकाशी धरा, संत्र्याच्या सालीचा वास येतो. अंगणात तो ३० ते ५० फूट उंच आणि १५ ते २५ फूट रुंद होतो. नर्सरीत कमरेएवढं दिसणारं रोप घेताना हा दुसरा आकडा लोक विसरतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. आपल्या भागात फर थंडीने क्वचितच मरतो, मुळाशी साचलेल्या पाण्याने मरतो. त्यामुळे कुठला फर घ्यायचा यापेक्षा तो कुठे आणि किती खोल लावायचा, यावर जास्त वेळ घालवा.

पाणी मुरतं का, ते आधी बघा

आग्नेय मिशिगनची माती बहुतेक ठिकाणी चिकणमाती. त्यात नव्या वसाहतीत बिल्डरने वरची चांगली माती सरकवून, खालची तुडवून, वर दोन-तीन इंच काळी माती आणि गवताचा गालिचा अंथरलेला असतो. वरून हिरवंगार दिसतं म्हणून फसू नका.

जिथे झाड लावायचं मनात आहे तिथे फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणा आणि पाण्याने काठोकाठ भरा. ते पूर्ण जिरलं की पुन्हा भरा. खरं मोजमाप या दुसऱ्या वेळी, कारण कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखं पिते. खड्ड्यात पट्टी उभी करून तासाला किती इंच पाणी उतरतं ते बघा. एक ते तीन इंच उतरलं तर जागा उत्तम. इंचभरही उतरत नसेल तर तिथे कॉन्कलर लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी दिसत असेल तर प्रश्नच मिटला.

मग काय करायचं? अंगणातला चढाचा भाग शोधा. नाही तर उंचवटा करून लावा, तो कसा ते पुढे येतं. तिसरा मार्ग म्हणजे झाडच बदला. कनान फर हा वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतला, बाल्सम फरचा भाऊबंद. जड, ओलसर मातीत तो कॉन्कलरपेक्षा बरा टिकतो. जागा अगदीच पाणथळ असेल तर फरचा नाद सोडून थुजा लावा. मिशिगनच्या दलदलीत तो आपणहून वाढतो.

निचऱ्याबरोबर आणखी दोन-तीन गोष्टी बघून घ्या. दिवसाचे निदान सहा तास ऊन. घराच्या भिंतीपासून कमीत कमी १२ ते १५ फूट अंतर. वर विजेच्या तारा नकोत. रस्त्याच्या अगदी कडेलाही नको, हिवाळ्यात बर्फावर टाकलेलं मीठ गाड्यांच्या चाकांनी उडून सुयांवर बसतं. आणि गवतासाठी जमिनीत बसवलेले स्प्रिंकलर रोज पहाटे जिथे फवारा मारतात, तिथे तर नकोच नको. फरची मूळकूज होण्याची ती अगदी खात्रीची सोय आहे.

खणण्याआधी ८११

अमेरिकेत नवीन असाल तर हे ठाऊक नसेल. जमिनीत फावडं घालण्याआधी ८११ वर फोन करायचा किंवा ऑनलाइन नोंद करायची. सेवा फुकट आहे. मिशिगनमध्ये कामाचे तीन पूर्ण दिवस आधी कळवावं लागतं. माणसं येऊन अंगणात रंगीत खुणा आणि झेंडे लावून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, केशरी फोन-इंटरनेट, निळा पाणी, हिरवा सांडपाणी. खड्डा दीड-दोन फुटांचाच आहे म्हणून टाळू नका. केबलची तार कधीकधी वीतभरही खोल नसते. सोसायटीची, म्हणजे एचओएची परवानगी लागते का तेही याच आठवड्यात विचारून घ्या. काही ठिकाणी झाडांची यादीच ठरलेली असते.

नर्सरीत

पहिली गोष्ट, पाटीवर विसंबू नका, झाड बघा. फर आणि स्प्रूस यांत घोळ होतो. एक सुई तोडून अंगठा आणि बोटात धरून फिरवा. स्प्रूसची सुई चौकोनी असते, बोटात सहज फिरते आणि टोचते. फरची सुई चपटी, ती फिरत नाही. जिथून सुई तोडली तिथे फरच्या काडीवर गुळगुळीत गोल ठिपका राहतो. स्प्रूसच्या काडीवर बारीक खुंटी राहते, म्हणून वाळलेली काडी हाताला खरखरीत लागते. डग्लस फर नावाचं झाड मिळेल, ते खऱ्या फरमध्ये मोडत नाही. त्यालाही इथे सुयांची बुरशी छळते.

नाताळात घरात आणतात त्या फ्रेझर फरच्या प्रेमात पडून तोच अंगणात लावायचा मोह होतो. तो दक्षिण अ‍ॅपलेशियनच्या उंच शिखरांवरचा, थंड हवेला आणि झरझर निचऱ्याला सवकलेला. आपल्या चिकणमातीत त्याची मुळं फार लवकर कुजतात. बाल्सम फर मिशिगनचाच, पण उत्तरेकडचा. डेट्रॉइटकडचा जुलै त्याला मानवत नाही. अंगण लहान असेल तर मात्र कोरियन फर जरूर बघा. हळू वाढतो, १५ ते ३० फुटांवर थांबतो आणि अगदी लहान वयात, कधीकधी कमरेएवढा असतानाच, जांभळी बोंडं धरतो. फरची बोंडं फांदीवर मेणबत्तीसारखी उभी असतात आणि झाडावरच सुटी होऊन विखुरतात, म्हणून खाली अख्खं बोंड सापडत नाही. निचऱ्याची अट मात्र त्यालाही तीच.

रोप दोन प्रकारे मिळतं. कुंडीतलं, किंवा शेतातून हुंडीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट, काढून गोणपाटात बांधलेलं. पाच-सहा फुटांचं हुंडीचं झाड शंभर किलोच्या पुढे जातं. दोन मित्र आणि एक ढकलगाडी एवढ्याने ते जमत नाही, नर्सरीकडून पोच आणि लावणी दोन्ही घ्यावी लागते. नवख्याने कुंडीतलं तीन-चार फुटांचं रोप घ्यावं असं माझं मत. ते हाताळता येतं, स्वस्त पडतं आणि लवकर रुळतं. शेतातून उपटताना हुंडीच्या झाडाची बरीचशी मुळं मागेच राहतात, त्यामुळे मोठं झाड दोन-तीन वर्षं जागचं हलत नाही.

निवडताना शेंडा एकच आहे ना ते बघा. शेंड्याची कळी शाबूत हवी. कुंडीच्या तळाच्या भोकांतून जाड मुळं बाहेर आली असतील तर ते रोप फार दिवस कुंडीत अडकलंय, दुसरं घ्या.

लावणी

वेळ दोनच. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत, जमीन मोकळी होऊन वापसा आला, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली की. किंवा ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. सेलमध्ये झाडं अर्ध्या किमतीत मिळतात म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी लावायचा मोह आवरा. जमीन गोठायच्या आत नवी मुळं सुटायला वेळच उरत नाही. शिवाय माती चिकट ओली असताना खणू नका, फावड्याने खड्ड्याच्या भिंती घासून गुळगुळीत होतात आणि मुळं त्यातून पुढे जात नाहीत. तशा झाल्याच तर लहान खुरप्याने ओरखडून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि हे खड्डा खणायच्या आधीचं. बुंधा मुळांना मिळतो तिथे तो घंटेसारखा पसरतो. तो पसारा शोधायचा. नर्सरीतल्या झाडांमध्ये तो बऱ्याचदा दोन-चार इंच मातीखाली गाडला गेलेला असतो. कुंडीतली किंवा हुंडीवरची माती बोटांनी, मग छोट्या खुरप्याने हळूहळू बाजूला करत जा. आधी केसांसारखी बारीक मुळं लागतात, ती खुशाल काढून टाका. मग एका बाजूला करंगळीएवढं जाड मूळ आडवं निघालेलं दिसतं, मग दुसऱ्या बाजूला दुसरं. ती जिथून फुटतात तोच जमिनीचा खरा ‘पृष्ठभाग’. बुंध्याला वळसा घालून गेलेलं मूळ दिसलं तर आत्ताच कापा. बुंधा जाड होत जातो तसा त्याचा फास आवळत जातो.

आता खड्डा. खोली त्या पसाऱ्यापासून हुंडीच्या तळापर्यंत, त्याहून इंचभरही जास्त नाही. उलट एक-दोन इंच कमी चालेल. रुंदी हुंडीच्या दुप्पट-तिप्पट. आपल्याकडे आंब्याचं कलम लावताना तीन फूट खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत भरायची पद्धत, तीच सवय इथे आड येते. खोल खणून पुन्हा माती भरली की ती पुढे खचते, झाड आत बसतं आणि बुंधा गाडला जातो. फरची मुळं वरच्या फूट-दीड फुटातच आडवी पसरतात, त्यांना रुंदी हवी.

निचरा कमी असेल तर हुंडीचा वरचा तिसरा हिस्सा जमिनीच्या वर ठेवून लावा आणि भोवताली चार-पाच फुटांपर्यंत उतरती माती लावा. वाटी उपडी ठेवल्यासारखा नको, लांब आणि सौम्य उतार हवा.

कुंडीतल्या रोपाची मुळं गोल गोल फिरलेली असतील तर हुंडीच्या चारही बाजूंनी धारदार करवतीने इंचभर काप घ्या. जीव होत नाही, पण घ्या. गोणपाटातलं झाड असेल तर ते आधी खड्ड्यात उभं करून सरळ करा, आणि मग दोऱ्या, वरचं गोणपाट आणि तारेच्या जाळीचा वरचा निम्मा भाग कापून काढा. नायलॉनची दोरी बुंध्याला राहिली तर काही वर्षांनी तीच गळफास ठरते.

खड्ड्यात तीच खणलेली माती परत भरा. कंपोस्ट, पीट, खत काही घालू नका. चिकणमातीत मऊ मातीची एक वाटी तयार केली तर आजूबाजूचं पाणी तिथेच येऊन साचतं, आणि मुळंही त्या वाटीबाहेर पडायला बघत नाहीत. निम्मी माती भरून झाली की पाणी सोडा, ती बसू द्या, मग उरलेली भरा. पायाने तुडवू नका.

शेवटी आच्छादन. लाकडाच्या चिपा किंवा साल तीन इंच जाड, तीन-चार फुटांच्या वर्तुळात, पण बुंध्यापासून चार बोटं दूर. इथले माळी बुंध्याभोवती चिपांचा ज्वालामुखी उभा करतात, तो बघून शिकू नका. खाली साल कुजते आणि उंदीर घर करतात. वाऱ्याने झाड हलत नसेल तर खुंट-दोऱ्याही नकोत. बांधलंच तर वर्षभरात सोडा.

पहिली दोन वर्षं

पाणी घड्याळाकडे बघून देऊ नका, बोट घालून द्या. हुंडीची माती आणि अंगणाची माती वेगवेगळी असते, म्हणून बाजूची चिकणमाती ओली आणि हुंडी आतून ठणठणीत कोरडी, असंही होतं. बोट किंवा सळई हुंडीतच दोन-तीन इंच घाला. कोरडं लागलं तर बुंध्याजवळ पाइप अगदी बारीक सोडून अर्धा तास ठेवा. पहिले काही आठवडे हे आठवड्यातून दोनदा, नंतर पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी बंद करायची घाई नको. जमीन गोठेपर्यंत झाड ओलाव्यात राहिलं पाहिजे, कारण हिवाळ्यात सुयांमधून पाणी उडतच असतं आणि गोठलेल्या मातीतून मुळांना ते ओढता येत नाही.

पहिल्या वर्षी खत नको. पुढेही माती तपासल्याशिवाय नको. विद्यापीठाच्या विस्तार केंद्राकडे मातीचा नमुना पाठवता येतो, त्यात सामूही (पीएच) कळतो. साडेपाच ते साडेसहा फरला मानवतो. गवतावर टाकतात ते तणनाशक मिसळलेलं खत मात्र झाडाच्या घेरात अजिबात पडू देऊ नका, त्यातली काही रसायनं मातीतून मुळांपर्यंत पोचतात.

वाढ दिसत नाही म्हणून उकरून बघू नका. मुळं बसली की वर्षाला फूटभर वाढ धरा.

छाटणीबद्दल एकच नियम: फरची फांदी हिरव्या सुया संपतात त्याच्या मागे कापली तर तिथून पुन्हा फुटत नाही. घराकडची बाजू खरडून काढली की ती कायमची टक्कल पडते, म्हणूनच ते १२ ते १५ फुटांचं अंतर. खालच्या फांद्या जमिनीला टेकू द्या, आडोसा त्यांचाच असतो. दोन शेंडे फुटले तर वसंताच्या सुरुवातीला त्यातला कमजोर कापा. बर्फाने शेंडा मोडला तर घाबरू नका; वरच्या चक्रातली एक चांगली फांदी उभी करून बांबूच्या काठीला सैल बांधा, एक-दोन वर्षांत ती शेंड्याची जागा घेते. दिवाळीत झाडावर आकाशकंदील जरूर लावा, पण मधल्या जाड फांदीवर. शेंड्यावर टांगू नका. दिव्यांच्या माळाही हिवाळा संपला की काढून घ्या.

हरणांचं सांगायचं राहिलं. हिवाळ्याच्या अखेरीस खायला काही नसलं की ती कोवळे शेंडे खातात, आणि शरद ऋतूत नर हरणं शिंगं घासून बुंध्याची साल सोलतात. सप्टेंबरपासून झाडाभोवती चार-पाच फूट उंच जाळी लावा. झाड हरणाच्या मानेच्या वर गेलं की शेंड्याची काळजी मिटते, बुंध्याची आणखी काही वर्षं राहते.

‘पुण्यात लावता येईल का?’

सुट्टीत घरी गेलं की हा प्रश्न ठरलेला. नाही. फरला कडाक्याचा, लांब हिवाळा लागतो. हिमालयातला पिंड्रो फरसुद्धा साधारण २,४०० मीटरच्या वर वाढतो, आणि आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. महाबळेश्वर तर त्याहूनही खाली. पुण्या-मुंबईच्या नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते अरौकेरिया, दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवरचं उष्ण हवेतलं झाड. अंगणात नाताळी आकाराचं झाड हवं असेल तर तेच लावायला सांगा, छान वाढतं.

सुया तपकिरी व्हायला लागल्या तर

नवख्यांचे सगळ्यात जास्त फोन या विषयावर येतात, म्हणून आधी कुठल्या सुया ते बघा. शरद ऋतूत आतल्या, बुंध्याजवळच्या जुन्या सुया पिवळ्या पडून गळत असतील आणि टोकं हिरवी असतील, तर ती नेहमीची पानगळ. काही करू नका.

मार्चमध्ये फक्त दक्षिणेकडची किंवा वाऱ्याकडची बाजू भाजल्यासारखी दिसली तर तो हिवाळ्याचा करपा. लगेच कात्री काढू नका. सुया गेल्या तरी कळ्या जिवंत असू शकतात; मेअखेरपर्यंत थांबा, फुटवा आला नाही तरच ती काडी कापा. पुढच्या नोव्हेंबरात त्या बाजूला गोणपाटाचा पडदा उभारा, झाडाला न चिकटता.

मेमध्ये फुटलेला पोपटी कोंब एका रात्रीत मान टाकून तपकिरी झाला तर ते उशिराचं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव. कॉन्कलर लवकर फुटतो, म्हणून त्याला हे होतं. झाड सावरतं. लहान असेपर्यंत अशा रात्री वरून जुनी चादर टाकायची आणि सकाळी काढायची.

आणि संपूर्ण झाडच फिकट पडत चाललं, नवी वाढ आखूड, खालून वरपर्यंत सगळीकडे सुया झडतायत, असं दिसलं तर बुंध्याजवळची माती उकरून एक मूळ बघा. निरोगी मूळ आतून पांढरं, घट्ट असतं. तपकिरी, पिचपिचीत आणि वरची साल बोटाने सटकन निघून येत असेल तर ती मूळकूज. पाणी ताबडतोब थांबवा, स्प्रिंकलरचं तोंड वळवा. झाड लहान असेल आणि लावून एकच हंगाम झाला असेल तर वापसा असताना उचलून उंचवट्यावर पुन्हा लावून बघता येतं. मोठं झाड असेल तर ते काढावं लागतं, आणि त्या जागी पुन्हा फर लावायचा नाही, कारण मूळ कुजवणारे जंतू त्या मातीत राहतात.